नाम वाया कधी जाते?

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते. निफाड तालुक्यातून लहानमोठ्या दिंड्या त्या वारीला पायी जातात. पौषातली निफाडची थंडी आपल्या वाचकांना सांगायला नको. द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात आणि वारकरी कानाला उपरणे गुंडाळून टाळ वाजवीत चाललेला असतो. अशाच एका वारीत, चांदोरी मागे टाकून दिंडी विसाव्याला बसली असता, एका तरुणाने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्ही मोठ्या हौसेने दिले. पण ते उत्तर अपुरे होते, हे घटकाभरातच आमच्या ध्यानी आले. ते पुरे करावे म्हणून हा लेख.

तो तरुण नाशकात शिकायला असतो. त्याचा एक मित्र ख्रिस्ती आहे. तो म्हणाला, "माउली, माझ्या मित्राच्या घरी देवाचं नाव उगाच तोंडातून निघालं तरी त्याची आई रागावते. देवाचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही, अशी त्यांच्याकडं देवाची आज्ञाच आहे म्हणे. अन् आपल्याकडं बघा. ठेच लागली की विठ्ठल, जांभई आली की राम, डोईवरचं ओझं उतरवलं की पांडुरंग. मग बरोबर कोणाचं?"

आम्ही हसलो आणि त्याला अजामिळाची कथा सांगितली. ती भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे. कान्यकुब्ज नगरीतला हा ब्राह्मण चोरी, जुगार आणि फसवणूक यांवर पोट भरीत होता. धाकट्या मुलाचे नाव त्याने नारायण ठेवले होते. मरणकाळी यमदूत दिसले तेव्हा त्याने भयाने मुलाला हाक मारली. हाक मुलाला होती, पण नाम देवाचे होते. विष्णुदूत धावले आणि त्याची सुटका झाली. "तेव्हा बाळ," आम्ही म्हणालो, "नाम वाया जात नाही. अग्नीला जाणून हात लावा की न जाणता लावा, तो भाजतोच. तसे नाम हसत घ्या, रडत घ्या, कसेही घ्या."

मंडळींनी माना डोलावल्या. इतक्यात मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी बोलले. ते फारसे बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, "महाराज, तुमचं खरं आहे. पण माझा एक प्रश्न आहे. मागल्या साली मी एकाकडून उन्हाळ कांद्याचं उळं घेतलं. माणूस माळकरी. मी म्हटलं, पावती द्या. त्यानं गळ्यातल्या माळेला हात लावला अन् म्हणाला, पांडुरंगाची आण, घरचं गावठी उळं आहे. देवाचं नाव मधे आलं, मग मी पावती कशाला मागू? पुढं लावण केली तर निम्म्या वावरात डोंगळे. लाल कांद्याचं उळं मिसळलं होतं. पैसे गेले ते गेले. पण तेव्हापासून कोणी व्यवहारात पांडुरंग म्हटलं, की माझा हात आधी खिशाकडं जातो. आता सांगा, त्यानं घेतलेलं नाम वाया गेलं का नाही?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. विणेकऱ्यांनी अभंग धरला, दिंडी उठली आणि प्रश्न तसाच राहिला. पुढची वाट आम्ही त्याच विचारात चाललो. घरी आल्यावर, ज्या आज्ञेचा उल्लेख त्या तरुणाने केला ती मूळची काय आहे, हे पाहिले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

परधर्माच्या शिकवणीचा विचार वारकरी मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही निफाडचीच आठवण देतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी याच निफाडात झाला. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्रातील संतांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि संतांच्या कार्याची तुलना युरोपातील ख्रिस्ती धर्मसुधारकांच्या कार्याशी केली. तेव्हा इकडचे तिकडे ताडून पाहणे ही या मातीला नवी गोष्ट नाही.

ती आज्ञा मूळची यहुदी लोकांची. सीनाय पर्वतावर देवाने मोशेला दहा आज्ञा दिल्या अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या दहांत देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये अशी एक आहे. यहुदी लोक व बहुतेक प्रोटेस्टंट पंथ तिला तिसरी मोजतात. रोमन कॅथलिक व ल्यूथरपंथी तिला दुसरी मोजतात. मोजणी निराळी असली तरी आज्ञा एकच. इतर पुष्कळ आज्ञा एका दमात सांगून संपतात. पण या आज्ञेबरोबर देवाने ताकीदही दिली आहे, की जो असे करील त्याला मी निर्दोष ठरवणार नाही.

आता गंमत अशी, की मूळ हिब्रू भाषेत या आज्ञेतले क्रियापद 'उच्चारणे' असे नाही. त्याचा धात्वर्थ आहे 'उचलणे', 'वाहून नेणे'. आणि 'व्यर्थ' म्हणून जो शब्द आपण वाचतो, त्यात पोकळ आणि खोटे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे, देवाचे नाव खोट्या कामासाठी उचलू नको. मराठी माणसाला हे समजावून द्यायला टीका नको. आपल्याकडे शपथेला 'बेलभंडार उचलणे' म्हणतात. गावच्या चावडीवर 'उचल तुळस' असे म्हटले, की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळे. यहुदी शास्त्रकारांनीही या आज्ञेचा पहिला अर्थ खोटी शपथ असाच केला आहे. उगाच घेतलेली शपथही त्यांनी त्यात धरली आहे. जी गोष्ट उघड दिसते तिच्यासाठी, म्हणजे खांब दगडाचा आहे हे सांगायला, देवाची शपथ घेणे हाही त्यांच्या मते दोषच.

या आज्ञेला त्यांनी पुढे कुंपण घातले. देवाचे जे चार अक्षरांचे मुख्य नाव आहे ते सामान्य माणसाने उच्चारायचेच नाही असे ठरले. जेरुसलेमच्या मंदिरात योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक ते नाव उच्चारी आणि लोक ते ऐकताच साष्टांग नमस्कार घालीत. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले, आणि तो उच्चारही थांबला. प्रार्थनेत ते नाव आले म्हणजे यहुदी लोक त्या जागी 'प्रभू' या अर्थाचा शब्द वाचतात. एरव्हीच्या बोलण्यात देवाला ते 'हाशेम' म्हणतात. हाशेम या शब्दाचा अर्थ काय? 'नाम'! देवाला नुसते नाम म्हणणारे लोक जगाच्या पाठीवर आपल्याखेरीजही आहेत, हे वाचून आम्हाला फार आनंद झाला.

ज्या कागदावर ते नाव लिहिले असेल तो जीर्ण झाला तरी ते फाडीत नाहीत की जाळीत नाहीत. सभास्थानातल्या एका कोठडीत साठवतात आणि पुढे भूमीत पुरतात. कैरोच्या जुन्या सभास्थानात शेकडो वर्षे साठलेले असे लाखो कागद 19व्या शतकाच्या अखेरीस विद्वानांच्या हाती आले. त्यात पोथ्याही होत्या आणि वाण्याचे हिशेब व घरगुती पत्रेही होती. आपणही जीर्ण ज्ञानेश्वरी रद्दीत घालीत नाही, गोदावरीत सोडतो. त्यातलाच हा भाव.

हे लोक आपल्याला परके नव्हेत. कोकणात अलिबागेच्या आसपास बेने इस्राएल नावाचा यहुदी समाज कित्येक शतके राहिला. तेलाचे घाणे चालवणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी, आडनावे गावावरून 'कर' लागणारी. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत त्यांनी मोशे, योसेफ यांची आख्याने मराठी साकी-दिंडी-अभंगांत बांधून, आपल्या हरिदासांसारखी कीर्तने केली. 1948 नंतर त्यांतले बरेच इस्राएलला गेले. जे इथे राहिले त्यांना महाराष्ट्र शासनाने 2016 साली अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. तेव्हा आपल्याच भाषेत कीर्तन करणाऱ्यांची ही शिकवण आहे असे समजून वाचकांनी पुढचे वाचावे.

यहुदी आचार्यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली, की कुंपण घालून नाव तोंडातून निघाले नाही, तरी माणूस त्या नावाचा घात करू शकतो. त्याला ते 'हिल्लुल हाशेम' म्हणतात, म्हणजे नामाची विटंबना. ही विटंबना कोणाच्या हातून होते? जो नाव न घेणारा नास्तिक त्याच्या हातून नव्हे. ज्याला लोक देवाचा माणूस म्हणून ओळखतात, त्याच्या हातून. ताल्मूद नावाच्या त्यांच्या महाग्रंथात आचार्यांनी विचारले आहे, की नामाची विटंबना म्हणजे नेमके काय? तेव्हा रव नावाचे बाबिलोनचे थोर आचार्य स्वतःचेच उदाहरण देतात: समजा मी खाटकाकडून मांस घेतले आणि त्याचे पैसे लगेच दिले नाहीत, तर ती विटंबना.

उदाहरण मांसाचे आहे म्हणून वारकऱ्याने नाक मुरडू नये, बोध घ्यावा. रव यांनी खून सांगितला नाही, व्यभिचार सांगितला नाही. दुकानदाराची उधारी सांगितली. दुसऱ्या कोणी चार दिवस पैसे थकवले तर लोक त्या माणसाला नावे ठेवतील. आचार्याने थकवले तर लोक म्हणतील, 'शास्त्र शिकलेल्याची ही तऱ्हा!' बोल देवाकडे जातो. ज्याच्या अंगावर देवाचे नाव आहे, त्याच्या प्रत्येक व्यवहाराला ते नाव जामीन राहते.

आता आपल्या गळ्याकडे पाहू. तुळशीची माळ म्हणजे काय? माळ घालताना आपण मांस-मद्य वर्ज्य करतो, एकादशी व वारी धरतो, परस्त्रीला माता मानतो आणि खरे बोलण्याचा नेम घेतो. माळ घातली त्या दिवसापासून आपण नाम नुसते घेत नाही, उचलतो. तोंड मिटलेले असले तरी गळ्यात ते दिसते. खांद्यावर पताका घेतली म्हणजे तर दहा जणांना लांबून दिसते. उळे विकणाऱ्या त्या गृहस्थाने पांडुरंगाची आण घेतली नसती, नुसती माळ दाखवून माल दिला असता, तरी दोष तोच होता.

ख्रिस्ताने ही आज्ञा आणखी पुढे नेली. डोंगरावरील प्रवचनात तो सांगतो, की शपथ मुळीच घेऊ नका. आकाशाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको. होय ते होय असू द्या, नाही ते नाही. कारण साधे आहे. ज्याला शपथ घालून खरे बोलवावे लागते, त्याचे बिनशपथेचे बोलणे कसे असेल? क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ हे वचन इतक्या काटेकोरपणे पाळतो, की त्याचे अनुयायी न्यायालयातही शपथ घेईनात. त्यापायी त्यांनी इंग्लंडात तुरुंगवास सोसला. अखेर 17व्या शतकाच्या शेवटी तिथल्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी नुसत्या प्रतिज्ञेची सवलत दिली.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत हिंदू साक्षीदाराला गंगाजलाची शपथ घालीत. 1840 च्या एका कायद्याने ती सक्ती उठवली. तिचे कारण त्या कायद्यातच सांगितले आहे, की अशी शपथ घेणे लोकांच्या मनाला रुचत नाही आणि त्यामुळे न्यायाच्या कामात अडथळा येतो. आपल्या जुन्या मंडळींच्या वागण्याशी हे जुळते. 'खरे असले तरी आण घेऊ नये' असे म्हणणारी आजी कोणी पाहिली नाही? ती माउली बायबल वाचलेली नव्हती. आज चालू असलेल्या 1969 च्या शपथ कायद्यानेही साक्षीदाराला मोकळीक ठेवली आहे: ईश्वराची शपथ घ्यावी किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करावी. दोन्हींची किंमत एकच. निफाडच्या न्यायालयात साक्षीला उभे राहणाऱ्या वारकऱ्याने यातले कोणतेही घ्यावे. पण ईश्वराचे नाव उचलले, तर बांध कोणी कोरला हे सांगताना भाऊबंदाकडे पाहून जीभ वळवू नये.

ख्रिस्ताच्या शिकवणीतली आणखी एक गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली. त्या काळी 'कोर्बान' नावाची एक रीत होती. एखाद्या वस्तूला कोर्बान म्हटले, की ती देवाला वाहिलेली झाली. ती दुसऱ्याला देता येत नसे. काही लोक या रीतीचा असा उपयोग करीत, की आईबाप म्हातारे झाले आणि पोटाला मागू लागले, म्हणजे मुलगा म्हणे, 'तुम्हाला जे द्यायचे ते देवाला वाहिले आहे.' ख्रिस्ताने अशांना फटकारले, की आईबापांचा मान राखा ही देवाची आज्ञा तुम्ही देवाच्याच नावाने मोडता.

हे वाचले आणि आम्हाला भीमेच्या तीरावरचा पुंडलिक आठवला. प्रत्यक्ष देव दाराशी आला असता त्याने आईबापांची सेवा सोडली नाही. देवाकडे वीट सरकवली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही. कमरेवर कर ठेवून उभा राहिला, तो अठ्ठावीस युगे झाली उभाच आहे. कोर्बान म्हणणारा देवाच्या नावाने आईबापांना टाळतो. पुंडलिक आईबापांसाठी देवाला थांबवतो. ज्या संप्रदायाचा आरंभच पुंडलिकाच्या विटेपासून होतो, त्याने ख्रिस्ताची ही गोष्ट ऐकून 'हे तर आमचेच' असे म्हणायला हरकत नाही. पण म्हणताना जरा अंतर्मुखही व्हावे. आई अंथरुणाला खिळलेली, औषधाची वेळ सुनेवर टाकलेली, आणि आपण 'माझी वारी चुकायची नाही' म्हणून पडशी खांद्याला लावतो, तेव्हा ती वारी की कोर्बान? ज्याचे त्याने पाहावे.

नाशिकच्या शरणपूरची ख्रिस्ती वस्ती 19व्या शतकाच्या मध्यास वसली. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचाही नाशिकशी जवळचा संबंध. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, अशा अर्थाचे टिळक म्हणत. आम्हाला तो पूल ओलांडायचा नाही. पण पुलाच्या पलीकडचा माणूस हाक मारून काही शहाणपण सांगत असेल, तर अलीकडे उभे राहून ते ऐकायला काय जाते?

आता मुख्य शंका. हे सर्व मान्य केले तर अजामिळाचे काय करायचे? ते लोक नाम झाकून ठेवतात, आपण ते टाळमृदंगाच्या गजरात रस्त्याने वाटतो. त्यांच्याकडे भय, आपल्याकडे मोकळीक. नाम कसेही घ्या असे आपण म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने नाम व्यर्थ घेऊ नका असेही म्हणायचे, हे कसे जमेल?

आम्ही अजामिळाची कथा पुन्हा उघडली. आणि दिंडीत सांगताना आम्ही जे सोडून दिले होते ते दिसले. कथा सुटकेपाशी संपत नाही. विष्णुदूत निघून गेल्यावर अजामिळ उठला, केलेल्या कर्मांचा त्याला पश्चात्ताप झाला, घरदार सोडून तो गंगाद्वारी गेला आणि उरलेले आयुष्य त्याने साधनेत घालवले. 'मुलाचे नाव नारायण आहे, आता जुगाराला भय नाही' असे म्हणून तो परत चोरीला गेला नाही. आणि आधीही, त्याने मुलाला मारलेली हाक अज्ञानाची होती, पण खोटी नव्हती. ती प्रेमाची आणि भयाची हाक होती. तिने कोणाला फसवले नव्हते.

आपल्या शास्त्रातही नामापराध सांगितले आहेत. पद्मपुराणात ते दहा मोजले आहेत. त्यांत 'नामाच्या बळावर पाप करणे' हा एक अपराध आहे. नाम पाप जाळते हे ऐकून जो पापाची बेगमी करतो, त्याच्यासाठी ही ताकीद. आणि वाचकहो, काय सांगावे! यहुदी लोकांच्या मिश्ना नावाच्या ग्रंथात जवळजवळ हेच आहे. जो म्हणेल, मी पाप करीन आणि योम किप्पूरचा दिवस ते फेडील, त्याचे तो दिवस फेडीत नाही. त्याच ठिकाणी पुढे म्हटले आहे, की माणसाने देवाचा अपराध केला असेल तर तो दिवस तो धुऊन टाकील; पण माणसाने माणसाचा अपराध केला असेल तर, त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज, तो दिवसही काही करू शकत नाही. दोन देश, दोन भाषा. पण बोलणे एकच.

म्हणजे त्या तरुणाला आम्ही जे सांगितले ते खोटे नव्हते. ठेच लागली आणि विठ्ठल म्हटले, तर ते नाम व्यर्थ नाही. त्या क्षणी जीव घाबरला आणि सवयीने आईकडे वळला. मूल रडताना आईला हाक मारते, तेव्हा 'मला व्यर्थ हाक मारलीस' असे आई म्हणत नाही. ही मोकळीक संतांनी आपल्याला दिली आहे. ज्याला वेद वाचण्याची बंदी होती, ज्याला देवळात शिरण्याची बंदी होती, त्याच्याही तोंडात नाम घातले आहे. ती आपण सोडू नये. दुसऱ्याचे भय उसने आणून जिभेला कुलूप लावणे हा वारकऱ्याचा धर्म नव्हे.

पण त्या वृद्ध शेतकऱ्याचे म्हणणे याहून निराळे होते. विकणाऱ्याला त्या नामाने काय फळ मिळेल, हे ते विचारीत नव्हते. ते स्वतःविषयी बोलत होते. पांडुरंग हा शब्द ऐकून ज्यांचे हात जुळायचे, त्यांचा हात आता खिशाकडे जातो. नाम घेणाऱ्याच्या तोंडी वाया गेले की नाही, ते देव जाणे. फसलेल्याच्या कानी मात्र ते वाया गेले. पन्नास वर्षे वारी करून ज्या नामाचा गोडवा त्यांनी मिळवला, तो एका सौद्यात कोणी काढून नेला. पावती नव्हती म्हणून पैसे बुडाले; पण पावती का नव्हती? नाम मध्ये होते म्हणून. त्यांच्या भक्तीचाच फासा करून त्यांना अडकवले. नामाला डाग लागत नाही, हे आम्हीही मानतो. पण ज्या कानांतून ते आत शिरते, ते कान बंद करता येतात. 'तुम्ही माळकरी असेच' हे वाक्य आपण किती घरांतून ऐकतो! तिथले एखादे पोर या वाक्यावर वाढते आणि आयुष्यात कधी दिंडीकडे वळत नाही. या नुकसानीचा हिशेब कोणी धरायचा? आमच्या समजुतीप्रमाणे, नाम व्यर्थ घेऊ नका या आज्ञेचे मर्म इथे आहे.

दुसऱ्याच्या माळेकडे बोट दाखवून हा लेख संपवता आला असता. पण आचार्य रव यांच्या खाटकाने आम्हाला सोडले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे हरिनाम सप्ताह झाला. मंडप, भट्ट्या, भांडी, किराणा, सर्व उधार. काल्याचे कीर्तन झाले, महाप्रसाद झाला, लोक धन्य धन्य म्हणाले. मंडपवाला पैशाला आला तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "देवाचं काम आहे, तुला पुण्यच लागेल, होईल सवडीनं." तो 'हो माउली' म्हणून गेला. पुढे आषाढी आली, गेली. त्याने पुन्हा मागितले नाही. मागणार कसा? आम्ही देव मध्ये उभा केला होता. त्याच्याकडे रोजाने बांबू उभे करणारे चार गडी होते. त्यांचा रोज त्याने घरातून दिला असणार. उळे विकणाऱ्याने आण घेऊन जे केले, तेच आम्ही आण न घेता केले. त्र्यंबकाहून परतल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो आणि पैसे चुकते केले. तो म्हणाला, "राहू द्या ना महाराज, मी विसरलोही होतो." तो विसरला नव्हता. आकडा त्याने न पाहता सांगितला.

तेव्हा आमच्या वारकरी बंधुभगिनींना चार गोष्टी सुचवतो. लासलगावच्या बाजारात जा, पिंपळगावला जा, नाहीतर घरच्या ओट्यावर सौदा करा, पण सौद्यात देवाला ओढू नका. माल दाखवा, भाव सांगा, पावती द्या. समोरचा माळकरी असला तरी पावती मागा. तो खरा असेल तर रागावणार नाही. दिंडी, सप्ताह, भंडारा यांची देणी आधी द्या, मग पुढच्या वर्षाची तिथी जाहीर करा. आणि कोणाला फसवले असेल तर चंद्रभागेच्या आधी त्याच्या दारी जा. पुंडलिकाच्या देवाला थांबायची सवय आहे, तो थांबेल.

माघाच्या पहिल्या आठवड्यात ते वृद्ध शेतकरी आम्हाला पुन्हा भेटले. वरील सर्व आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "समजलं महाराज. पण माझ्या हाताची सवय एवढ्यानं जायची नाही." आम्ही त्यांना काय म्हणणार? ती सवय आमच्या लेखाने जाणार नाही. यापुढे माळ घातलेली चार माणसे त्यांच्याशी सरळ वागतील तेव्हा ती जाईल. त्या चारांत आपण असावे, एवढेच पांडुरंगाजवळ मागणे.

॥ रामकृष्णहरी ॥